बोर्डावरचे गावंडे

श्यामलाबाई गावंडे रविवारी गॅस पेटवत नसत. त्याचा व्रतवैकल्याशी काही संबंध नव्हता. रविवारी त्यांचं जेवण बिल्डरकडे असे.

युक्ती त्यांचीच. पुण्याच्या कुठल्याही टोकाला नवी इमारत उभी राहिली की तिथल्या ऑफिसात फोन करायचा आणि "आम्ही टू बीएचके बघतोय" एवढंच म्हणायचं. रविवारी सकाळी एसी गाडी दारात. तिथे पोचल्यावर आधी थंडगार कोकम, मग पोहे नाहीतर सँडविच, मग सॅम्पल फ्लॅट, त्यातल्या मऊ सोफ्यावर जरा टेकणं, आणि मग भिंतीवरच्या चित्रातला स्विमिंग पूल बघत जेवण. निघताना हातात काहीतरी पडायचंच. त्यामुळे गावंडेंच्या घरी पाच छत्र्या होत्या, बाटल्यांची एक रांग होती आणि बिल्डरच्या नावाचं घड्याळ होतं. वाघोलीपासून उंड्रीपर्यंतचे सगळे सॅम्पल फ्लॅट त्यांनी पालथे घातले होते.

योगेशरावांना पहिल्या पहिल्यांदा तो घास गिळवत नसे. माणूस सरळ. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत पंपांच्या एका कारखान्यात ते स्टोअर्स सांभाळत, आणि तिथला बोल्टही सही केल्याशिवाय कुणाला मिळत नसे.

"अहो, आपण फसवतोय का कुणाला?" श्यामलाबाई विचारायच्या. "घर बघतोय म्हणतो, आणि बघतोच की. घ्यायचंही आहे. आजच घेणार असं कुठे म्हटलंय?"

यावर योगेशराव ताट पुढे करत. आणि पुलाव बरा असे.

घर घ्यायचं होतं हे मात्र अगदी खरं. योगेशराव सत्तेचाळीस वर्षांचे झाले होते. नोकरीसाठी यवतमाळहून पुण्याला आले, लग्न झालं, मुलगी तनुजा मोठी होऊन शिकायला नागपूरला गेली, आणि मधल्या काळात त्यांना धंदा करायची हुक्की आली. पाणी शुद्ध करायच्या मशीनची एजन्सी घेतली. एजन्सी देणारा गृहस्थ वर्षभरात बेपत्ता झाला. मागे उरली ती माळ्यावरची न खपलेली मशीनं, बँकेचं पर्सनल लोन आणि श्यामलाबाईंचे थोरले भाऊ शंभूदादा यांचे तीन लाख. बँक आपला हप्ता न विसरता नेत होती. शंभूदादा दिलदार होते. "घर घ्यान तवाच द्या भाऊजी, तोवर मी मांगत नाही," असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

दुसरे दिलदार म्हणजे घरमालक रावसाहेब. हडपसर गाव होतं तेव्हापासूनचं त्यांचं घराणं. जमिनी बिल्डरांना गेल्यावर त्यांनी तीन मजली घर बांधलं, खाली स्वतः राहिले आणि वर भाडेकरू ठेवले. गावंडेंच्या एजन्सीची चित्तरकथा ऐकून ते एकदा म्हणाले होते, "सोताचं घर होईस्तवर तुमचं भाडं वाढवणार न्हाय. शब्द हाय." त्यानंतर आसपासची भाडी दुप्पट झाली, पण रावसाहेबांचा शब्द जागचा हलला नाही. श्यामलाबाईंचा सगळा हिशेब त्या शब्दावर उभा होता. दिवाळीला बँकेचं कर्ज फिटणार, मग तोच हप्ता दोन वर्षं बाजूला टाकायचा, की डाउन पेमेंट तयार. फक्त तोवर भाडं वाढता कामा नये.

अशा सुखात असताना एका रविवारी 'रिव्हिएरा दे मांजरी' या प्रकल्पाची गाडी आली. मांजरीत रिव्हिएरा, म्हणजे समुद्रकिनारा, कुठून आला, असं योगेशरावांनी विचारल्यावर सेल्समधल्या वैष्णवीने त्यांना खिडकीशी नेऊन एक ओढा दाखवला. पहिली इमारत तयार होती. ताबा लगेच मिळणार होता, फक्त माणसं यायची बाकी होती. वैष्णवी पंचविशीची, बोलायला गोड, आणि त्या दिवशी रडकुंडीला आलेली.

"सर, मॅडम, एक फेव्हर कराल? आज आमच्या हॅपी फॅमिलीचं फोटोशूट होतं. फोटोग्राफर आलाय, केक आलाय, फॅमिलीनेच बुकिंग कॅन्सल केलं. बॉस मला फाडून खाईल."

"पण आम्ही तुमचे कस्टमर नाही," योगेशराव म्हणाले.

"हॅपी तर आहात ना, सर?"

योगेशरावांनी नुकतीच दुसऱ्यांदा जिलेबी वाढून घेतली होती. नाही म्हणणं जड गेलं.

"त्या फॅमिलीला तुम्ही काही देणार होतात का?" श्यामलाबाईंनी मुद्द्याचं विचारलं.

"प्रेशर कुकर, मॅडम. पाच लिटरचा."

घरच्या कुकरचं हँडल संक्रांतीपासून सुतळीने बांधलेलं होतं. "फोटो कुठे लावणार?" योगेशराव विचारेपर्यंत श्यामलाबाई केस नीट करून उभ्याही राहिल्या होत्या.

"ऑफिसात लावतील बहुतेक, सर," वैष्णवी म्हणाली. तिलाही तसंच वाटत होतं, त्यामुळे तिला दोष देता येत नाही.

फोटोग्राफरला घरातलं वडीलधारं माणूस हवं होतं, त्याने म्हणे गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. कोपऱ्यात धोंडिबा आइस्क्रीमचा दुसरा कप संपवत बसले होते. पांढरी टोपी, स्वच्छ धोतर. बसवर कंडक्टर होते, आता निवृत्त. मुलगा आणि सून रविवारीही आपापल्या लॅपटॉपमध्ये असत, म्हणून हे गृहस्थ एकटेच घरं बघत हिंडत. दर दोन-तीन रविवारी कुठल्या ना कुठल्या बुफेपाशी गावंडेंची त्यांच्याशी गाठ पडे. दोन्ही बाजूंनी मान हलवायची, चौकशी करायची नाही, असा रिवाज होता. त्यांना बोलावून मधल्या खुर्चीवर बसवलं.

"यातला माझा मुलगा कोण?" धोंडिबांनी विचारलं.

फोटोग्राफरने योगेशरावांकडे बोट दाखवलं. धोंडिबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं आणि म्हणाले, "चालेल."

मग तिघांनी मिळून क्रिकेटच्या बॅटएवढी पुठ्ठ्याची किल्ली हातात धरली आणि हसले. कुकर घेऊन गावंडे घरी आले आणि फोटोचं विसरूनही गेले.

त्याच आठवड्यात एका सकाळी योगेशराव कारखान्याला निघाले होते. गाडीतळाच्या सिग्नलला स्कूटर थांबली, म्हणून त्यांनी सहज वर पाहिलं, तर वर तेच होते. पलीकडच्या इमारतीची आख्खी बाजू झाकून हसत होते. शेजारी श्यामलाबाई, मध्ये धोंडिबा, आणि खाली हातभर उंचीच्या अक्षरांत मजकूर: 'अकरा वर्षं भाड्याच्या घरात गुदमरलो. आता मोकळा श्वास. – गावंडे कुटुंब, हडपसर.' नाव, गाव आणि अकरा वर्षं ही माहिती त्यांनीच कोकम पिता पिता वैष्णवीला दिली होती. गुदमरणं तेवढं बिल्डरने पदरचं घातलं होतं.

सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला. मागचा एक मोटारसायकलवाला शेजारी येऊन म्हणाला, "काका, दिसताय चांगले. पण आता निघू या का?"

कारखान्यात पोचेपर्यंत पेढ्यांची मागणी त्यांच्याआधी पोचली होती. "घर घेतलं नाही," असं त्यांनी ज्याला त्याला सांगितलं, आणि ज्याने त्याने "आम्हीही असंच म्हणालो असतो" असं तोंड केलं. दुपारी तनुजाचा मेसेज आला, 'बाबा, आपल्याला आजोबा कधी मिळाले?' संध्याकाळी ते घरी परतले तेव्हा रावसाहेब खालच्या पायरीवर बसून त्यांचीच वाट बघत होते.

"या. घेतला का मोकळा श्वास?"

"रावसाहेब, तुम्ही समजताय तसं नाहीये ते."

"अकरा वर्षं. माझ्या आईच्या तेराव्याला तुमी पंगतीत वाढलं. तुमच्या पोरीच्या धाव्वीला म्या पेढं वाटलं. आन् तुमी वर गुदमरत व्हता."

"आम्ही नाही लिहिलं ते."

"गुदमरत व्हता तर खिडकी उघडायची. तीन हायती."

"आम्ही घर घेतलेलंच नाही, देवाशप्पथ."

"मग किल्ली कशाची व्हती हातात?"

"पुठ्ठ्याची."

"आन् त्यो म्हातारा?"

"तो आमचा कुणीच नाही."

रावसाहेबांचा चेहरा उतरला. भाडेकरू घराला नावं ठेवतो हे त्यांनी एक वेळ पचवलं असतं. "बापाला बी नाकारलं," ते हळू आवाजात म्हणाले. "अकरा वर्षं कुठं ठिवला व्हता त्याला? एक दिस जेवाया आणला न्हाय." मग गुडघ्यावर हात ठेवून ते उठले. "असू दे. तुमचं घर झालं, माझा शब्द पुरा झाला. येत्या एक तारखेला खोल्या मोकळ्या करा."

वर श्यामलाबाईंच्या कानाला फोन होता आणि पलीकडे शंभूदादा होते. गावातला कुणी पोरगा हडपसरला कामाला होता, त्याने बोर्डाचा फोटो काढून गावभर पाठवला होता.

"घर घेतलं अन् मले सांगतलं नाही, श्यामे?" शंभूदादा म्हणत होते. "आता पैशाचं पाहा लागन बापा. मीही दुकानाचं काम काढलं. अन् भाऊजीचे बाबा तं वारले नं? हा बुढा कोन हाये मंग?"

"दादा, ऐक ना, ते घर..."

"थांब. बुढीले बोलाचं हाये."

फोनवर आई आल्या. मुक्ताबाईंना मोबाइलवर बोलायचं म्हणजे गावापासून पुण्यापर्यंत ऐकू जावं असं वाटे. "चांगलं केलं माय," त्या म्हणाल्या. "सगळ्या आळीत साखर वाटली मी. तुह्या घराची लय काळजी होती मले. आता नाही."

श्यामलाबाईंच्या तोंडून सत्य बाहेर पडेना. त्यांनी "हो आई" म्हटलं, फोन ठेवला आणि कितीतरी वेळ नव्या कुकरकडे बघत बसल्या. त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि ते कुकर परत करून भागण्यातलं नव्हतं.

"बोर्ड उतरवायला सांगू या," योगेशराव म्हणाले.

"नको. आईने साखर वाटलीय."

"मग रावसाहेब?"

"मजकूर बदलायला लावू."

शनिवारी दोघं दोन बस बदलून रिव्हिएराला पोचले. न बोलावता येणाऱ्यांसाठी गाडी नसते, हे त्यांना त्या दिवशी कळलं. बोर्ड तीन महिन्यांसाठी घेतलाय, बॉस परदेशात आहेत, मला अधिकार नाहीत, असं वैष्णवीने क्रमाने सांगितलं. श्यामलाबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मी रोज संध्याकाळी बोर्डाखाली उभी राहीन. विचारील त्याला सांगेन, आमचं इथे घर नाही, कुकर आहे."

सोमवारी बोर्डावर 'गुदमरलो'च्या जागी नवी पट्टी चिकटली. आता बोर्ड म्हणत होता, 'अकरा वर्षं भाड्याच्या घरात सुखाने राहिलो. आता मोकळा श्वास.' या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध उरला नव्हता, पण जाहिरातीत तेवढं चालून जातं. रावसाहेब रिक्षा करून मुद्दाम बघायला गेले. परत आले ते मिशीतल्या मिशीत हसत, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा जिना चढून वर चहाला आले. योगेशरावांना वाटलं, सुटलो.

सुटले नव्हते. हडपसरात गावंडे कुणाकडे राहतात हे शोधायला फारसे कष्ट पडत नाहीत. 'सुखाने' वाचून दोनच दिवसांत खोल्या मागायला माणसं येऊ लागली. आयटीतलं एक जोडपं तर सध्याच्या दुप्पट भाडं द्यायला तयार झालं, वर आगाऊ चेक घेऊन आलं. "सर, इतकी हॅपी व्हाइब आहे इथे," ती मुलगी रावसाहेबांना म्हणाली. रावसाहेबांना व्हाइब कळली नाही, चेक कळला.

"राग न्हाय आता," त्यांनी योगेशरावांना सांगितलं. "पर तुमी तर निघालाच हाय. मग त्यांस्नी कशाला नाराज करू?"

त्या संध्याकाळी श्यामलाबाई स्वतः खाली गेल्या. रावसाहेबांसमोर बसल्या आणि काही हातचं न राखता सगळं सांगून टाकलं: फोन करणं, गाडी, कोकम, छत्र्या, कुकर, धोंडिबा. "आम्ही घर बघायला जात नाही, रावसाहेब," त्या शेवटी म्हणाल्या. "आम्ही जेवायला जातो. तुमच्या भाड्यात राहून दोन वर्षं काढली तरच आमचं घर होणार आहे. नाहीतर या जन्मात होत नाही." 

रावसाहेब जरा पुढे सरकले.

"जेवायला काय असतं?" त्यांनी विचारलं.

"पुलाव, पनीर, पुऱ्या, दोन भाज्या."

"गोड?"

"जिलेबी. कधी गुलाबजाम."

"आन् पैसं?"

"काहीच नाही. न्यायला-आणायला गाडी."

रावसाहेबांनी मान खाली घातली. "मांजरीतली माझी चार एकर ह्याच बिल्डरनं घेतली," ते म्हणाले. "सह्या करताना घोटभर चहा बी पाजला न्हाय मला."

पुढच्या रविवारी रिव्हिएराची गाडी आली तेव्हा पुढच्या सीटवर रावसाहेब फेटा बांधून बसले. तिथे त्यांनी आधी पोटभर जेवून घेतलं, जिलेबी तीनदा मागितली, आणि मग सॅम्पल फ्लॅट सोडून थेट खऱ्या इमारतीत शिरले. भिंती ठोकून पाहिल्या. खिडक्या मोजल्या, उघडल्या, लावल्या. सहाव्या मजल्यावर उभं राहून ओढ्याकडे बघत म्हणाले, "हितं आमची विहीर व्हती." मग त्यांनी वैष्णवीला किंमत विचारली आणि ती ऐकल्यावर निम्मी सांगितली. वैष्णवीने बॉसला परदेशात फोन लावला. इमारतीत अजून एकही माणूस राहायला आलेलं नव्हतं, त्यामुळे बॉसही फार ताणायच्या मनःस्थितीत नव्हते. जमिनीचे पैसे रावसाहेबांच्या खात्यात नुसते पडून होते. चार वाजेपर्यंत सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटचा व्यवहार झाला. एकराने विकलेली जमीन रावसाहेबांनी चौरस फुटाने परत घेतली.

गाडीत ते मागे वळून म्हणाले, "तुमच्या खोल्या त्या कंप्युटरवाल्यास्नी देतो. तुमी हिकडं ऱ्हायला या."

"हे भाडं कसं परवडेल आम्हाला?" योगेशराव म्हणाले.

"भाडं त्येच. सोताचं घर होईस्तवर. शब्द हाय." रावसाहेब समोर बघू लागले. "तसं बी हितं दुसरं कोण येतंय? पाणी टँकरचं, बस लांब. रिकामं ऱ्हायलं की घर खराब हुतं. आन् चार खिडक्या हायती, आता गुदमरू नका."

अशा रीतीने एक तारखेला गावंडे कुटुंब बोर्डावरच्या घरात राहायला गेलं, भाड्याने. मुक्ताबाईंना व्हिडिओ कॉलवर एकेक खिडकी दाखवली. त्यांनी प्रत्येक खिडकीला हात जोडले. शंभूदादांना श्यामलाबाईंनी दुसऱ्या दिवशी खरं काय ते सांगितलं. "बुढीले नको सांगू," एवढंच ते म्हणाले, आणि तीन लाखांचा विषय पुन्हा काढला नाही. टँकरच्या पाण्यासाठी योगेशरावांनी माळ्यावरचं एक जुनं मशीन झाडूनपुसून, नवा फिल्टर घालून भिंतीला लावलं. हळूहळू राहायला येणाऱ्या शेजाऱ्यांनी ते पाहिलं आणि उरलेलीही विकत नेली. ते पैसे बँकेला गेले, आणि दिवाळीत फिटायचं कर्ज गणपतीतच फिटलं. योगेशरावांनी पेढे घेतले, पण हे नेमके कशाचे, ते कुणालाच पटवता येईना, म्हणून घरीच खाल्ले.

त्यानंतरच्या रविवारी श्यामलाबाई सवयीने आवरून बसल्या होत्या. नऊ वाजता बेल वाजली. दारात वैष्णवी होती, आणि तिच्या मागे चाळिशीचं एक जोडपं.

"मॅडम, पाच मिनिटं. लोकांना राहणाऱ्या फॅमिलीला भेटायला आवडतं. हे बघा, हेच बोर्डावरचे गावंडे."

जोडपं आत येऊन सोफ्यावर टेकलं. नवऱ्याने कार्पेट एरिया विचारला आणि उत्तर ऐकून घेतलं नाही. बायकोने एकदा खिडकीतून ओढा पाहिला आणि मग तिची नजर स्वयंपाकघराकडे गेली ती तिथेच राहिली. श्यामलाबाईंनी ती नजर तत्काळ ओळखली. अशा नजरेने त्यांनी आख्खं पुणे पाहिलं होतं.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि पांढरी टोपी बाहेर आली.

"चपला कुठे काढू?" धोंडिबांनी विचारलं.

"तुम्ही इथे कसे?" योगेशराव म्हणाले.

"बोर्डावर माझंही घर आहे ना." धोंडिबा आत आले आणि खोलीतल्या सर्वांत चांगल्या खुर्चीवर बसले. सोफ्यावरची बाई लगबगीने उठून त्यांच्या पाया पडली.

"बाबा, करमतं का इथे?"

"मुलगा बरा आहे," धोंडिबा म्हणाले. "सुनेच्या हातचं अजून खाल्लं नाही."

योगेशरावांनी बायकोकडे पाहिलं. श्यामलाबाई उठल्या. आत गेल्या, पाच माणसांचे पोहे भिजवले, त्यात वैष्णवीसाठी आणखी मूठभर टाकले, आणि कित्येक वर्षांनी रविवारी गॅस पेटवला.